केळवणाचा पाऊस

त्रेसष्टाव्या वर्षी माझं दुसरं केळवण झालं. पहिलं लग्नाआधी कोल्हापुरात झालं होतं आणि तेव्हा मी मान खाली घालून जेवले होते. दुसरं कॅनडात, केंब्रिजला, आमच्याच घरी झालं, आणि त्या दिवशी मी मागच्या अंगणात बर्फाचे बूट घालून आलेल्या पाहुण्यांवर खेकसत होते.

निमित्त मलावीचं होतं. ग्वेल्फमध्ये इंजिनियर मंडळींचा एक स्वयंसेवी गट होता. वर्षभर शनिवार-रविवारी जमायचं, आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेसाठी पावसाचं पाणी साठवायची सोय आखायची, आणि तिकडचा पावसाळा संपला की मे महिन्यात जाऊन गावकऱ्यांबरोबर ती बांधून यायची, असा त्यांचा उद्योग. शाळेचा पत्रा, पत्र्याच्या कडेला पाणी गोळा करणारी पन्हळ, पन्हळीला नळी आणि नळीखाली सिमेंटची टाकी. एवढंच. निवृत्त झाल्यावर मी ह्या गटात शिरले, आणि दोन हजार सतरा साली मलावीला जायची स्वप्नं बघू लागले.

माझ्याकडे सिव्हिलची पदवी आहे. वर्गात आम्ही दोनच मुली होतो, त्यामुळे त्या पदवीचा मला भारी तोरा होता. लग्न होऊन इकडे आले आणि तोरा उतरला. जिथे अप्लाय करावं तिथे ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’ मागायचे, आणि तो नोकरीशिवाय कुठून आणायचा ते कुणी सांगायचं नाही. शेवटी गावच्या नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लोक आपापल्या डेकचे, शेडचे, गराजचे नकाशे घेऊन यायचे. मी ते तपासायची, चुका दाखवायची, शिक्का मारायची. गावातल्या निम्म्या शेड माझ्या नजरेखालून गेल्या, पण माझ्या हातची एकही नाही. मला माझ्या हातचं काहीतरी उभं राहिलेलं बघायचं होतं. अगदी कमरेएवढं असतं तरी चाललं असतं. हे मी कुणाला बोलून दाखवत नसे, कारण बोलायला लागले की मला रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग यायचा.

गटाची प्रमुख माझ्या लेकीच्या वयाची होती. गोरी, काटकुळी, चष्मा कायम नाकाच्या टोकावर. मी तिला आधी मनातल्या मनात कॅप्टन म्हणायची, मग तोंडावर म्हणू लागले आणि तिलाही ते आवडलं. तिचा नियम सरळ होता. ज्याने इथे स्वतःच्या हाताने पन्हळ लावून दाखवली, आणि पाणी ओतल्यावर जिच्याबाहेर थेंब सांडला नाही, तो मलावीला बांधायला जाणार. बाकीच्यांनी इथे राहून मदत करायची. गटातल्या इतरांच्या परीक्षा मार्चमध्ये उरकल्या होत्या. माझी राहिली होती, कारण मार्चभर मी खोकत होते.

घरातही एक परीक्षक होतेच. आमचे हे इथल्या गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर क्वालिटी तपासत होते. निवृत्त झाल्यावर तपासायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून ते पोळ्या तपासतात. मी मलावीचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "ह्या वयात शिडी? गुडघ्यांना विचारलंस का?"

"गुडघे तयार आहेत. तुमचं काय ते बोला."

"माझं काही नाही. मी फक्त रिझल्ट सांगेन."

एवढं बोलून हा माणूस मुकाट्याने पत्रे आणायला गेला. आमच्या अंगणात एक लाकडी शेड आहे, बर्फ काढायची फावडी आणि विंटर टायर ठेवायला. तिच्या छपरावर आम्ही दोघांनी मिळून पन्हाळी पत्रा ठोकला, तिकडच्या शाळेवर असतो तसा. मग मी एकटीने पन्हळ लावली. उतार मोजला, आधाराच्या पट्ट्या जवळजवळ मारल्या, बाहेरचा काठ नेमका जिथे असायला हवा तिथे ठेवला. खिडकीवर बसून जे हजार लोकांना सांगितलं होतं ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केलं. काम झाल्यावर मी लांब जाऊन बघितलं, मग जवळ जाऊन बघितलं, मग पलीकडच्या रस्त्यावरून दिसतं का ते बघून आले. नाही दिसत. फार वाईट वाटलं.

परीक्षा एप्रिलमधल्या एका शनिवारी ठरली. ग्वेल्फची माझी मैत्रीण, मुलखाची उत्साही निवृत्त डॉक्टरीण, हिला ते कळलं मात्र.

"तू जाणार म्हणजे केळवण व्हायलाच पाहिजे," ती फोनवर म्हणाली.

"अगं, अजून परीक्षा व्हायचीय. आणि केळवण लग्नाआधी करतात."

"लग्नानंतर कुणी करत नाही म्हणूनच करायचं. मी सगळ्यांना टेक्स्ट केलंय. पॉटलक आहे. अळूवड्या माझ्याकडे."

त्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाच्या बायका दुपारी बाराला हजर झाल्या. पैठण्यांवर जाडजूड पार्का जॅकेटं, केसांत स्कारबरोहून आणलेला गजरा, पायांत बर्फाचे बूट. थंडी अजून हलली नव्हती. कुंपणाच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग पडून होते आणि छपरावरचा बर्फ ह्यांनी सकाळीच झाडूने उतरवला होता. कॅप्टन आली आणि दारातच थबकली. तिला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाला आलो. मी तिला केळवण समजावून सांगायला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी तोवर तिच्या कपाळाला कुंकू लावून हातात वडी दिली.

पाणी कुठून घ्यायचं हा पहिला घोटाळा. बाहेरचा नळ गोठून फुटू नये म्हणून हिवाळ्याआधी आतून बंद केलेला असतो, तो अजून तसाच होता. म्हणजे पाणी स्वयंपाकघरातून आणि बेसमेंटमधून वाहून आणायला हवं. पण स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आमचा उंच लाकडी डेक आहे आणि शेड डेकला लागून खाली उभी आहे. डेकच्या कठड्याशी उभं राहिलं की छपराची वरची कड हाताला येते. तिथून पाणी ओतायचं, ते पत्र्यावरून उतरत खाली पन्हळीत पडणार, पन्हळीतून निळ्या पिंपात.

कॅप्टनने झाडांना पाणी घालायची झारी घेतली आणि कडेकडेने, अगदी शास्त्रशुद्ध, पाणी सोडलं. हे खाली पन्हळीच्या पुढ्यात मान वर करून उभे राहिले. पाणी पत्र्याच्या खोबणीतून आलं, पन्हळीत पडलं, डावीकडे वळलं आणि पिंपात सुर्रकन उतरलं. एक थेंब बाहेर नाही. कॅप्टनने दुसरी झारी सोडली, तिसरी सोडली. ह्यांनी पन्हळीच्या खालून बोट फिरवलं. कोरडं.

"हं," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून "हं" म्हणजे इतरांचा सोन्याचा बिल्ला.

बायकांनी टाळ्या पिटल्या. मला इतका आनंद झाला की मी कॅप्टनचा गालगुच्चा घेतला. मी डेकवर फेऱ्या मारत सगळ्यांना पन्हळ म्हणजे काय, उतार किती असावा, ह्यावर भाषण ठोकू लागले. आणि तिथेच थांबले असते तर काही झालं नसतं. पण आपल्याकडे कुठलंही शुभकार्य एकट्याने होत नाही. हळद लावायची तर प्रत्येकीने बोट लावायचं, जावळ काढायचं तर प्रत्येकाने मत द्यायचं. एकजण म्हणाली, "मलाही एकदा ओतू दे की." मग दुसरी म्हणाली. मग सगळ्याच म्हणाल्या.

बादल्या निघाल्या. बादल्या संपल्या तशी पातेली निघाली, कळशी निघाली, मिठाईचे डबे निघाले. डॉक्टरीणबाई सिंकपाशी प्रत्येक बादलीत गरम पाण्याचं विसण घालत होत्या.

"अगं, पत्र्याला आंघोळ नाही घालायची!" मी ओरडले.

"पत्र्याला नाही ग, आम्हाला. थंडगार पाण्याने बोटं वाकडी होतात."

कठड्याशी सगळ्या ओळीने उभ्या राहिल्या. पदर खोचलेले, बांगड्या मागे सारलेल्या. बादल्यांतून वाफा निघत होत्या. वाफ बघून शेजारच्या म्हाताऱ्याने कुंपणावरून डोकं काढलं आणि आग लागली का विचारलं. "नो नो, इट्स रेन!" असं त्याला सांगण्यात आलं, आणि तो समजल्यासारखी मान हलवून तिथेच उभा राहिला. खाली पन्हळीसमोर ह्यांच्या शेजारी कॅप्टनही येऊन उभी राहिली होती, तिला जवळून बघायचं होतं.

"गणपती बाप्पा!" डॉक्टरीणबाईंनी आरोळी दिली.

"मोरया!" म्हणून सगळ्या बादल्या एकदम रिकाम्या झाल्या.

ते पाणी पत्र्यावरून धडधडत गेलं, कडेला पोचलं, आणि माझ्या पन्हळीकडे ढुंकूनही न बघता तिच्यावरून लांब उडी मारून थेट ह्यांच्या आणि कॅप्टनच्या अंगावर पडलं. कॅप्टनचं कुंकू नाकावरून ओघळलं. ह्यांची टोपी पिंपाकडे निघाली. पन्हळीत जेमतेम घोटभर पाणी पडलं असेल.

मग ह्यांनी मिशीतलं पाणी निपटलं आणि वर माझ्याकडे बघून म्हणाले, "फेल."

अंगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. शेजारचा म्हाताराही हसत होता. माझा मात्र तिळपापड झाला. मी तरातरा खाली उतरले.

"ही टेस्ट नाही! हा काही पाऊस नव्हे, हा दंगा आहे! असं कुठे पडतं पाणी?"

कॅप्टनने चष्मा काढला, ओल्याच स्वेटरला पुसला, आणि अगदी शांतपणे मला विचारलं. ती इंग्रजीत बोलली, पण मला तो प्रश्न मराठीतच आठवतो. "मी असा पाऊस कधी बघितलेला नाही. तू बघितलायस. तिकडे पाणी असं पडतं का?"

माझ्या ओठांवर "नाही" आलं होतं. "नाही" म्हटलं की झाऱ्यांची परीक्षा धरली जाणार होती आणि मी पास होते. मे महिन्यात मलावी. मी तोंड उघडलं आणि मला आजऱ्याजवळचं आमचं क्वार्टर आठवलं, पत्र्याच्या छपराचं. आई पावसाचं पाणी धरायला दारात घंगाळ ठेवायची. रिमझिम असली की भिंतीलगत. जोर धरला की ती ते घंगाळ पायाने ढकलत ढकलत अंगणात न्यायची, कारण पागोळ्या तेवढ्या लांब पडायच्या. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि तिने मला शिकवलं नव्हतं, पण ते फरशीवरून सरकणाऱ्या घंगाळाचं खरखरणं मला ऐकू आलं.

"पडतं," मी म्हणाले. "अस्सच पडतं."

म्हटलं आणि माझे डोळे भरून आले, कारण माझं जाणं रद्द झालं हे मला कळत होतं. कॅप्टनचा चेहरा मात्र वेगळ्याच कारणाने उतरला होता. आदल्या वर्षी गटाने मलावीतल्याच एका शाळेवर पन्हळी लावल्या होत्या, आणि त्याही अशाच होत्या. तिने तिथल्या तिथे फोन काढून त्या शाळेच्या हेडमास्तरांना लावला. तिकडे संध्याकाळ होती. स्पीकरवर त्यांचा मऊ, हसरा आवाज आला आणि सगळ्या पैठण्या फोनभोवती गोळा झाल्या.

"सर, जोराचा पाऊस आला की पाणी पन्हळीत पडतं ना?"

"हळू पाऊस असला की पडतं," हेडमास्तर म्हणाले. "जोराचा असला की वरून उडी मारून पुढे जातं. तिथे आम्ही बादल्या लावतो."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, तुमच्याकडची तशी पद्धत असेल. थोडं टाकीला, थोडं जमिनीला."

कॅप्टन फोन धरून तिथेच ओल्या गवतात बसली आणि हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "पण का? आम्ही सगळ्यांनी एकच चूक का केली?"

आणि मला एकदम उमगलं. ते इतकं सोपं होतं की मी किंचाळलेच. "बर्फ!"

परवान्याच्या खिडकीवर मी जन्मभर हेच सांगत आले होते. पन्हळीचा बाहेरचा काठ छपराच्या उताराच्या रेषेखाली ठेवा, म्हणजे वरून बर्फाची लादी घसरली तर पन्हळीवरून निघून जाईल, तिला उखडणार नाही. इथे प्रत्येकजण पन्हळ अशीच लावतो. लावताना विचारही करत नाही. कॅप्टनचे इंजिनियर बिचारे बर्फातच वाढलेले. पण मी? मी पागोळ्यांच्या गावची. मी मलावीतल्या शाळेसाठी पन्हळ लावली ती बर्फ निसटून जावा म्हणून, आणि वर रस्त्यावरून दिसते का बघायला गेले!

मी हे सांगितलं आणि मग जो हशा झाला तो आवरेना. डॉक्टरीणबाई कठड्याला धरून म्हणाल्या, "अगं, तू किती कॅनेडियन झालीयस!" हेडमास्तर फोनवरून विचारत होते की काय झालं. कॅप्टनने त्यांना बर्फाचं सांगितल्यावर तिकडूनही हसणं ऐकू आलं, आणि त्यांच्या मागे आणखी कुणाचं तरी.

पण हसू ओसरलं तशी मी पुन्हा पन्हळीकडे बघितलं. पाण्याची उडी अडवायला हवी होती. बाहेरच्या काठावर उभी पट्टी लावली, काठ उताराच्या रेषेच्या वर नेला, की पाणी तिच्यावर आपटून आत पडेल. पण पट्टी आत्ता कुठून आणायची? मी डेकवर नजर टाकली. टेबलावर अळूवड्यांनी भरलेले ओव्हनचे लांबट ट्रे होते.

"वड्या खा!" मी ओरडले. "सगळ्या! आत्ताच्या आत्ता!"

इतक्या आज्ञाधारकपणे कुठलाही हुकूम पाळलेला मी बघितला नाही. तोंडं भरलेली, हातात दोन दोन वड्या, शेजारच्या म्हाताऱ्यालाही कुंपणावरून मूठभर. ट्रे रिकामे झाले. मी शिडी चढले आणि एकेक ट्रे पन्हळीच्या काठावर उभा धरून बघू लागले. धरायला हात पुरेनात. तेवढ्यात खालून ह्यांचा आवाज आला, "हे घे." हे ओल्या कपड्यांनी गराजमधून आवळून धरायचे आपले सगळे शिकंजे घेऊन आले होते, ज्यांना ते मला एरवी हात लावू देत नाहीत. मी आवळत गेले, हे एकेक वर देत गेले. ह्यांनी शिडी इतकी घट्ट धरली होती की ती जरासुद्धा हलली नाही.

पुन्हा बादल्या भरल्या, पुन्हा विसण, पुन्हा ओळ. ह्या वेळी कॅप्टन लांब उभी राहिली. हे मात्र होते तिथेच जाऊन उभे राहिले, मान वर करून.

"अहो, बाजूला व्हा!" मी म्हणाले.

"टेस्ट म्हणजे टेस्ट," हे म्हणाले.

मोरया झाला. पाणी धडधडत आलं, ट्रेंवर थाडकन आपटलं, आणि मागे फिरून पन्हळीत कोसळलं. पन्हळ गच्च भरून वाहिली, पिंपात असा आवाज झाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पाणी पडायचं थांबल्यावर आम्ही सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हात पुढे करून उलटसुलट बघितले, मग डोक्यावरून हात फिरवला.

"पास," हे म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा कापला. थंडीने, असं ते अजून म्हणतात.

कॅप्टनने मला मिठी मारली. ती नखशिखान्त भिजलेली होती, त्यामुळे मीही भिजले. मग मला पाटावर बसवून, रांगोळी काढून, ओल्या कपड्यांवर शाल पांघरून माझं केळवण झालं. मी मान वर करून जेवले. कॅप्टनने तीनदा श्रीखंड घेतलं.

मे महिन्यात मी मलावीला गेले. नव्या शाळेवर पट्टीवाली पन्हळ लावली आणि जुन्या शाळेवरच्या पन्हळींनाही पट्ट्या बसवून आले. हेडमास्तरांनी शिडी धरली होती. पण त्या दिवसांत तिकडे आभाळ निरभ्र. बांधणारे पावसाळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी परततात, त्यामुळे आपली पन्हळ चालते की नाही ते कुणालाच डोळ्यांनी बघायला मिळत नाही. पुढचे महिने मी फोनवर त्या गावचं हवामान बघत काढले. नोव्हेंबरात ह्यांनी आठवण करून दिली की शेडवरच्या पन्हळीची पट्टी काढायला हवी, आता बर्फ येईल. ट्रेच्या जागी मी तिथे नीट कापून वाकवलेली पत्र्याची पट्टी बसवली होती. मी काढली नाही. ह्यांनी पुन्हा आठवण करून दिली. मी चिडले.

डिसेंबरातल्या एका सकाळी, बाहेर भरपूर बर्फ साचलेला असताना, फोनवर हेडमास्तरांचा व्हिडिओ आला. चित्र अंधारलेलं होतं, पावसाने. काही दिसत नव्हतं, नुसतं टाकीत पाणी कोसळत होतं, आणि मध्येच हेडमास्तर ओरडून सांगत होते, "सगळं टाकीला! जमिनीला काही नाही!"

मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात मागच्या अंगणात धप्पकन आवाज झाला. छपरावरची अख्खी लादी घसरली होती आणि माझी पन्हळ पट्टीसकट उखडून घेऊन गेली होती. हे खिडकीशी उभे होते.

"फेल!" ते ओरडले.

"ती बर्फासाठी नव्हतीच मुळी!" मी ओरडून सांगितलं, आणि फोनवरचं पाणी पुन्हा पहिल्यापासून लावलं.